पायघडी कांद्याच्या पोत्याची

गाणं अंगणात म्हटलं की दिवेलागणीपर्यंत विरून जातं. कॅसेटवर म्हटलं की राहतं. नुसतं राहत नाही, गावोगाव फिरतं. हे मला थोरल्या मुलीच्या लग्नाच्या साली कळलं, आणि कळलं तेव्हा गाणं हातातून गेलेलं होतं.

आमचं घर वारूळवाडीला. मुलगी दिली निमगाव सावाला. माणसं खाऊनपिऊन सुखी, जावई शांत, विहिरीला पाणी. विहीण मात्र मानाची बाई. उंच, सावळी, हनुवटीवर गोंदलेलं, बोलायला लागली की माणसं गप्प बसायची. बोलणी चालली होती तेव्हाच तिनं सांगून टाकलं होतं, "आमाला हुंडा नको न् पांडा नको. मान तेवढा नीट करा." घरी आल्यावर मी मालकांना म्हणाले, "हुंडा मागितला असता तर बरं झालं असतं. तो एकदा दिला की मिटतं." मालक माळकरी माणूस, कुणाबद्दल वाकडं बोललेलं त्यांना खपत नाही. ते म्हणाले, "तुझं तोंड आवर आता. लेकीची आई हायेस."

तोंड आवरणं मला कधी जमलं नाही.

लग्न उन्हाळ्यात झालं. वरमाय मांडवात येते तेव्हा तिचा पाय मातीला लागू द्यायचा नाही, म्हणून वाटेवर कापड अंथरतात. त्या पायघड्या. कापडं असतात मोजकीच. ती पुढं गेली की मागचं कापड उचलायचं आणि पळत जाऊन पुढं टाकायचं. आमच्याकडं ती वाजतगाजत निम्म्या मांडवापर्यंत आली, आणि मागच्या कापडावर वऱ्हाडी उभे. उचलायला जावं तर कुणी पाय काढेना. पुढं कापड नाही. विहीण थांबली. नाकात मोत्याची नथ, अंगावर हिरवा शालू, पाय कापडाच्या काठावर, आणि पुढं नुसती माती. बँडवाले आपले वाजवतायत. ती काही पाय खाली ठेवेना.

तेव्हा आमच्या धाकट्या दिरांनी मांडवाच्या कडेला पडलेलं कांद्याचं रिकामं पोतं उचललं, झटकलं आणि तिच्यापुढं अंथरलं. कांद्याची टरफलं तिच्या शालूवर उडाली. ती त्या पोत्यावरून चालत गेली. दुसरं करणार काय? पण त्यानंतर पाठवणीपर्यंत ती आमच्या कुणाशी बोलली नाही. जेवायलासुद्धा मालकांनी हात जोडल्यावर बसली.

पूर्वी असं काही झालं की बायका तिथल्या तिथं गाणी म्हणायच्या. मुलीकडच्या बायका वरमाईला टोचायच्या, तिच्याकडच्या बायका उलट आम्हाला टोचायच्या, कुणाचं नाक, कुणाचा कंजूषपणा, सगळं निघायचं. पंगत उठेपर्यंत फिटंफाट व्हायची आणि कुणाच्या पोटात काही उरायचं नाही. या लग्नात मांडवाला कर्णे बांधले होते आणि त्यांच्यावर सिनेमाची गाणी लावली होती. शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येईना, गाणं कसलं म्हणताय? म्हणून पोत्याची गोष्ट तशीच राहून गेली. त्यांच्या पोटात आणि आमच्याही.

दीर तरुणपणापासून देवळातल्या भजनात पेटी वाजवायचे. त्यांचा एक दोस्त ढोलकी वाजवायचा. तो नारायणगाव ते निमगाव सावा वडापची जीप चालवायचा, मेंढरं भरावीत तशी माणसं भरून. त्या वर्षी दीर कांद्याची गाडी घेऊन मंचरला गेले आणि येताना टेप घेऊन आले. जावेनं विचारलं, "कांदा इकला का टेपावर बदलून आनला?" दीर तिला टाळून मला म्हणाले, "वहिनी, ह्याच्यावर आपलं गाणं भरता येतं. लाल बटण न् ह्ये बटण एकदम दाबायचं."

गौरी जेवल्या त्या दिवशी दुपारी हा उद्योग निघाला. नैवेद्य झाला होता, आळीतल्या बायका फुगड्या घालायला जमल्या होत्या. घरात एकच कॅसेट होती, सिनेमाच्या गाण्यांची. कॅसेटच्या वरच्या कडेची भोकं कागदाच्या बोळ्यानं बुजवली की तिच्यावर पुन्हा भरता येतं, हे दिरांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी गौरीपुढं पाट मांडला, पाटावर टेप ठेवला, आणि आम्हाला दम द्यायला लागले.

"कुनी खोकायचं नाय. कुनी बांगड्या वाजवायच्या नाय. मदी हसायचं नाय."

"मंग बायका कशाला बोलावल्या?" जाऊ म्हणाली. "पाटावरवंटा बसवा गौरीम्होरं, त्यो गप ऱ्हाईल."

कोंबडा ओरडू नये म्हणून त्याला डालग्याखाली घातलं होतं. पहिलं गाणं सुरू झालं आणि तो डालग्याखालूनच ओरडला. ढोलकीवाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, पेटीपरीस त्यो सुरात हाय." झालं, सगळ्या हसायला लागल्या. जाऊ परात आणि उलथनं घेऊन बसली होती, ती ते भलत्याच ठिकाणी वाजवायची. आधी गौरीची नीट गाणी भरली. मग कुणीतरी म्हणालं, "आता गमतीचं काय तरी व्हऊ द्या." आणि सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. असल्या गाण्यांना शब्द जुळवायचं काम आळीत माझ्याकडंच असायचं. मी चौथीपर्यंतच शिकले, पण यमकाला शाळा लागत नाही.

मी म्हटलं:

नाकामंदी नथ बाई पाणीदार मोत्याची,
पायाखाली पायघडी कांद्याच्या पोत्याची.

त्यावर बायका अशा काही हसल्या की ढोलकीवाल्याचा ठेकाच सुटला. मग मी थांबते कशाला?

पायघडी संपली, विहीण थांबली,
बारदानानं बाई तिची अब्रू झाकली.

जावेनं पदर डोक्यावरून ओढला, नाकाला चिमटा लावला आणि विहिणीच्या आवाजात बोलायला लागली, "मी न्हाई पाय टाकनार! आधी पोतं धुऊन आना! ह्या पोत्यात कांदा गावठी व्हता का हायब्रीड?" हे सगळं टेपात गेलं. टेप काही निवडून घेत नाही.

संध्याकाळी ऐकायला बसलो. दुपारी सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी चालू असतात, त्यामुळं लाईट कमी होती आणि टेप हळू फिरला होता. संध्याकाळी लाईट भरपूर आली, तर सगळ्यांचे आवाज बारीक आणि भरभर निघायला लागले, जशा काही उंदरिणी गातायत. मी मला ओळखू येईना. शब्द मात्र एकूण एक कळत होते.

मालक ओसरीवरून ऐकत होते. ते आत आले आणि दिरांना म्हणाले, "गौरीची गाणी ठेव. त्ये इहिनीचं पुसून टाक."

"व्हय दादा," दीर म्हणाले.

त्यांनी पुसलं नाही. ढोलकीवाला म्हणाला, माझ्या आईला ऐकवतो आणि उद्या आणून देतो. कॅसेट त्याच्या खिशातून गेली. मी विसरूनही गेले. गाणं म्हणजे म्हटलं की संपलं, हीच माझी समजूत होती.

पितृपक्षात एक दिवस जाऊ नारायणगावच्या बाजारातून आली, पिशवी तशीच दारात ठेवली आणि माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "आक्का, आपली क्यासेट जीपमंदी वाजतीया."

"कुठल्या जीपमंदी?"

"निमगावच्या."

मी शेंगा फोडत होते. सूप बाजूला सारलं.

ढोलकीवाल्याला बोलावणं धाडलं. तो हसत आला. मला वाटतं त्याला चहाची अपेक्षा होती.

"वहिनी, पब्लिक लई खूश हाय. लोकं दुसऱ्याची जीप सोडून माझ्या जीपमंदी बसाया लागल्यात. पोत्याचं गाणं पुन्हा लावा म्हनत्यात."

"त्या जीपमंदी माझी इहीण बसती रं, मुडद्या!"

त्याचं तोंड उतरलं. "पन गाण्यात नाव कुठं हाय कुनाचं?"

"नाव कशाला लागतंय? पोतं हाय नव्हं! सगळं वऱ्हाड त्याच जीपमंदनं जातंय-येतंय."

"मी काय तुमच्या इहिनीला वळखत न्हाई बा. लग्नात मी ढोलकी घेऊन मागं व्हतो." तो डोकं खाजवायला लागला. मग आठवल्यासारखं म्हणाला, "मागं एकदा एक बाई पुढच्या शीटावर व्हती. गाव यायच्या आधीच म्हनली, उतरव मला, मळमळतंय. मोकळ्या रानात उतरली."

"हनुवटीवर गोंदलेलं व्हतं का?"

"व्हतं."

मी विचारलं, "गाडीतली माणसं हसत व्हती?"

"समदीच हसतेत की वहिनी ते गाणं लागल्याव."

"क्यासेट आण आत्ताच्या आत्ता."

"ती बी न्हाई," तो म्हणाला. "निमगावच्या एका पावण्यानं मागून नेली. म्हनला, ऐकून देतो. शांत माणूस व्हता. हसला बी न्हाई."

न हसणारा माणूस कॅसेट मागून नेतो तो कशासाठी? गावात पंचांपुढं लावायला, नाहीतर विहिणीच्या हातात द्यायला. मला तिसरं काही सुचेना.

काळजी मला माझ्या अब्रूची नव्हती. माझी अब्रू आळीतल्या बायकांना माहीत आहे. काळजी मुलीची होती. तिची पहिली दिवाळी होती. पहिल्या दिवाळीला लेक माहेरी येते, जावयाचा दिवाळसण होतो. सासरच्यांनी धाडलं तर. न धाडायला मोठं कारण लागत नाही. मला माझ्या पहिल्या दिवाळीला धाडलं नव्हतं. न्यायला आलेल्या भावानं माझ्या सासूच्या पाया पडायच्या आधी पाणी मागितलं, एवढंच कारण. भाऊ पाणी पिऊन एकटा परत गेला. मी दिवाळीभर दुसऱ्यांच्या लेकींसाठी करंज्या तळल्या, आणि सासू आल्यागेल्याला माझ्यासमोर सांगायची, हिच्या माहेरी माणसाला रीत नाही. पुढं कितीतरी दिवस घरात काही सांडलं, काही फुटलं की माझ्या माहेराचं नाव निघायचं. माहेरचा माणूस चुकतो आणि बिल मुलीच्या नावावर फाटतं. हे मला पाठ होतं.

आणि इथं नुसतं पाणी मागितलेलं नव्हतं. इथं विहिणीला भरल्या जीपमधून रानात उतरवलं होतं.

निमगावात एका किराणा दुकानात फोन होता. मी नारायणगावला एसटीडीवर जाऊन तिथं फोन लावला. मुलीला बोलावून आणेपर्यंत मशीनवरचे आकडे बघत उभी राहिले. ती आली.

"हां आई, बोल."

"बरी हायेस का?"

"बरी हाय."

"आत्या काय म्हनत्यात?" सासूला ती आत्या म्हणते.

तिनं आवाज बारीक केला. मग म्हणाली, "आत्या हितंच हायत. दळान आनलंय."

"दिवाळीचं काय?"

"ते आत्या बघत्याल. ठिवते."

ठेवला. मी घरी चालत आले. "बरी हाय" हे तिनं कसं म्हटलं, दाबून म्हटलं की घाईत म्हटलं, हे मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघायचे. जावेला म्हणून दाखवायचे. "असं म्हनली, बरी हाय. का असं, बरी... हाय." जाऊ म्हणायची, "आक्का, तुमी आता दोन्ही बी सारखंच म्हनताय." रात्री पडल्यावर आणखी एक विचार यायचा. माझ्या सासूनं मला बोलून घेतलं, ते कानावर तरी पडत होतं. न बोलणारी सासू असेल तर पोरीला कळणार तरी कसं की काय चाललंय?

दसऱ्याला मालक सोनं द्यायच्या निमित्तानं निमगावला जाऊन आले. मी दारातच विचारलं, "काय म्हनली?"

"बघू म्हनल्या."

"नुसतं बघू?"

"च्या पाजला. म्हनल्या, बघू."

"पोरगी दिसली का?"

"दिसली. पाण्याचा तांब्या दिला. वाळली न्हाई काय."

"हसली का?"

"अगं, पाणी देताना कोन हसतंय?"

पुरुष माणसाला धाडून उपयोग नसतो. तो तांब्या बघून येतो.

दिरांनी त्या दिवसांत पेटीला हात लावला नाही. भजनाला बोलवायला माणूस आला तरी आतूनच सांगायचे, डोकं दुखतंय. ते माझ्यासमोर यायचे टाळत होते. मी त्यांना काही बोलले नाही. गाणं माझंच होतं आणि ते चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. फक्त त्याला उलट उत्तर द्यायला समोर कुणी नव्हतं. गाडीत बसलेल्या बाईनं टेपाला काय उत्तर द्यायचं?

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दीर स्वतःच म्हणाले, "वहिनी, मुराळी मी जातो." लेकीला आणायला माहेरचा जो माणूस जातो तो मुराळी. मी म्हणाले, "जावा. पन आधी पाया पडा. पाणी मागू नका. शिव्या दिल्या तर ऐकून घ्या. पोतं तुमीच आंथरलं व्हतं." ते धुतलेलं धोतर नेसून, फराळाचा डबा घेऊन गेले. त्याच जीपनं गेले. दुसरी सोय नव्हती.

मी आणि जाऊ चकल्या करायला बसलो. चकली तुटत होती. जाऊ म्हणाली पिठात मोहन कमी झालंय. मी म्हणाले असेल. माझं लक्ष रस्त्याकडं होतं. जीपचा आवाज आला की उठायचं, आणि ती पुढं निघून गेली की बसायचं.

दुपारी दीर आले. एकटे.

मी दारात उभी होते. त्यांच्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. भाऊ एकटा परत गेला तेव्हा मी सासरच्या दारातून त्याची पाठ बघितली होती. आता इकडच्या बाजूनं तेच बघत होते.

"पोरगी कुठाय?"

दिरांनी खिशातून कॅसेट काढली. आमचीच. वरच्या भोकांत कागदाचे बोळे तसेच होते. "इहीनबाईंनी दिलीय. म्हनल्या, आधी दुसरी बाजू ऐका, मंग बोला. मला कायबी सांगू नको म्हनून बजावलंय."

"अहो पन लेक..."

"ऐका म्हनलंय."

मालकांना रानातून बोलावून आणलं. ते आल्यावर निकाल ऐकायला बसावं तसे चौघं बसलो, गौरी बसल्या होत्या त्याच जागी, टेप पाटावर ठेवून. दिरांनी कॅसेट उलटी घातली. त्या बाजूला सिनेमाचं गाणं असायचं. ते नव्हतं. नुसती खरखर होती. मग कुणीतरी घसा साफ केला. मग पातेल्यावर काहीतरी आपटलं. आणि विहिणीचा आवाज आला, जाड, ठाम, जशी ती बोलते तसाच गाण्यात:

पोत्यावरनं चालले मी, पोतं ठिवलं जपून,
इहिनीला दिवाळीला देते त्याचीच चोळी कापून.

मागं बायका होत्या. बऱ्याच होत्या. त्या हसल्या. मग दिरांचा नंबर आला:

पेटीवाल्या दिराची गं पेटी गेली उसवून,
सुरासाठी कोंबडा त्यानं ठिवलाय डालग्यात बसवून.

जाऊ फिसकन हसली आणि तोंडावर हात ठेवला. मला हसू आलं नाही. मी ऐकत होते ते वेगळंच. एवढ्या बायका गातायत, त्यात माझ्या मुलीचा आवाज आहे का, आणि असेल तर कसा आहे. मी टेपाला कान लावला. मालक म्हणाले, "सरक, आमाला बी ऐकू दे." आणि तेवढ्यात ती एकटीच गायला लागली. माझी मुलगी:

माळकऱ्याची बायको बाई तुळशीला घाली पाणी,
गोठ्यामागं मिश्री लावून मग म्हनती देवाची गाणी.



मी मिश्री लावते हे मालकांना माहीत नव्हतं. माळकऱ्याच्या घरात तंबाखूचा वासही चालत नाही. लग्न झाल्यापासून मी ती गोठ्यामागं लावत होते आणि चूळ भरून घरात येत होते. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, कारण लहानपणी ती माझ्या मागं मागं गोठ्यात यायची. जावेलासुद्धा माहीत नव्हतं. आणि तिचा आवाज मोकळा होता. फोनवर होता तसा नव्हता. शेवटच्या शब्दावर ती हसली, आणि तिच्या हसण्यात आणखी एक जाड हसणं मिसळलं, ते मी ओळखलं.

मालक माझ्याकडं वळले. "मिश्री?"

"गप ऐका," मी म्हणाले.

टेपात भांडी वाजली, कुणाचं तरी मूल रडलं, मग विहिणीचा आवाज आला, नुसतं बोलणं. "इहीनबाई, ऐकलंत का? पाडव्याला आमी समदी येतोय. लेक, जावई, मी. कापडं भरपूर ठिवा. नसली तर पोतं चालंल, पन धुऊन घ्या." आणि टक् असा आवाज होऊन कॅसेट सरली.

दीर तेव्हा कुठं भिंतीला टेकले. म्हणाले, "वहिनी, आता तरी पाणी द्या. तिथं मागितलं न्हाई मी."

पाडव्याला मी घरातलं सगळं कापड काढलं. माझी लुगडी, मालकांची धोतरं, जावेचा शालू, चादरी. रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत अंथरून वर दोन उरली. जीप दारात थांबली. ढोलकीवाला गाडीतून उतरलाच नाही, काच खाली केली नाही. जावई उतरले, आणि त्यांनी ढोलकीवाल्याला मान हलवून रामराम घातला. तेव्हा मला कळलं, कॅसेट मागून नेणारा शांत माणूस कोण ते. मुलगी उतरली. तिनं माझ्याकडं बघितलं, पण आली नाही. वळून आधी सासूला हात दिला.

विहीण कापडावरून चालत आली. सावकाश. बाया बघत होत्या. उंबऱ्याशी आली आणि थांबली. उंबऱ्यापर्यंत कापड होतं, थांबायचं काही कारण नव्हतं.

"पोतं कुठाय?" ती म्हणाली.

पोतं धुऊन, घडी घालून दाराआड ठेवलेलं होतं. काढावं की नाही हे मला सकाळपासून ठरवता येत नव्हतं. मी ते आणलं आणि उंबऱ्यापुढं टाकलं. ती त्याच्यावर उभी राहिली. हसली नाही. दोन्ही पाय त्याला नीट पुसले आणि आत गेली.

नंतर मी अनारसे तळत होते आणि मुलगी शेजारी बसून थापून देत होती. मी विचारलं, "लई बोलल्या का तुला?"

"बोलल्या असत्या तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "जीपमंदनं रानात उतरून चालत आल्या. जेवल्या न्हाईत. मग माझ्याशी बोलल्याच न्हाईत. माझ्या हातचं खायच्या, पन बघायच्या न्हाईत माझ्याकडं. तुजा फोन आला तवा बी शेजारी उभ्या, पन गप."

मी अनारशावर झाऱ्यानं तूप उडवलं.

"मंग ह्यांनी ती क्यासेट आनली. मी म्हनलं, आत्या, तिनं म्हनलंय, तुमी बी म्हना. त्या म्हनल्या, तुज्या आईचं मला काय ठावं, मी काय म्हनू? तवा मी सांगितलं."

"मिश्रीचं."

"हां."

"आनखी काय काय सांगितलंस?"

"समदं," ती म्हणाली. "क्यासेट सरली म्हनून ऱ्हायलं."

मी तिच्याकडं बघितलं. पोरगी थापत होती, खाली मान घालून. तिला दुसरं काय होतं द्यायला? आईची एक गोष्ट होती, ती तिनं दिली आणि घरात बसायला जागा केली. मला माझ्या पहिल्या दिवाळीला एवढी अक्कल असती तर बरं झालं असतं.

"बरं केलंस," मी म्हणाले.

बाहेरून विहिणीनं हाक मारली. मुलगी पिठाच्या हातानं लगेच उठली. मी हाक मारली की ती आधी "काय गं" म्हणायची आणि मग कधीतरी उठायची.

मिश्रीचा डबा मी त्याच संध्याकाळी गोठ्यामागून आणून फळीवर मिठाच्या बरणीजवळ ठेवला. मालकांनी बघितला आणि मिठाची बरणी तेवढी पलीकडं सरकवली.